प्रती वाढतात, पावती कोण फाडणार?

नव्या इंटरनेटचा कुठलाही प्रस्ताव उघडा. पहिल्या दोन पानांत जुन्या इंटरनेटचा यथेच्छ उद्धार असतो, तिसऱ्या पानावर चौकोन आणि बाणांची आकृती असते आणि पुढं कुठंतरी, हमखास, एक वाक्य येतं की या रचनेत मल्टिकास्ट आपोआप मिळतं. आपोआप! हे वाक्य दिसलं की मी मधली पानं सोडून देतो आणि एकच गोष्ट शोधत शेवटापर्यंत जातो. या आपोआप मिळणाऱ्या मालाचं बिल कोणाच्या नावानं फाटणार? त्याचं उत्तर तिथं नसतं. इंटरनेटवर मल्टिकास्ट आल्याला पस्तीस वर्षं उलटून गेली, ते उत्तर अजूनही कोणी मनावर घेतलेलं नाही.

ज्यांचा या भानगडीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोनवर तुम्ही क्रिकेटचा सामना बघता तेव्हा सर्व्हर तुमच्यासाठी स्वतंत्र प्रत पाठवतो. शेजारचा तोच सामना बघत असेल तर त्याच्यासाठी दुसरी. याला युनिकास्ट म्हणतात. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला विश्वचषकाची अंतिम लढत झाली, तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक ती बघत असल्याचं जाहीर झालं. माणशी सरासरी दोन मेगाबिट धरा, हिशेब सेकंदाला ११८ टेराबिटवर जातो. तोच चेंडू, तोच फटका, तेच सुन्न झालेलं स्टेडियम, ५.९ कोटी वेळा. प्रती जवळच्या साठवण-सर्व्हरवरून येतात हे खरं, पण शेवटच्या टप्प्यात प्रत्येकाची प्रत वेगळीच धावते. मल्टिकास्टमध्ये उगमाकडून एकच प्रत निघते आणि जिथं रस्ता फुटतो तिथला राउटर तिच्या दोन करतो. कल्पना इतकी सरळ आहे की ती सर्वत्र रुजली कशी नाही याचंच आश्चर्य वाटावं.

रुजली नाही, कारण ती ज्यांनी मांडली त्यांनी रस्त्यांचा नकाशा काढला आणि व्यवहार लिहायचा राहून गेला. स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डीअरिंग यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये आरएफसी १११२ हा इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा दस्तऐवज लिहिला, तिथून आजचं आयपी मल्टिकास्ट सुरू होतं. माणूस थोर, काम थोर, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दस्तऐवजातली सेवा कशी होती बघा. २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते गटांसाठी राखले, म्हणजे २६ कोटींहून जास्त. यातल्या कुठल्याही पत्त्यावर कुणीही ऐकायला बसावं. कुणीही बोलावं, बोलण्यासाठी गटात असण्याचीही अट नाही. बोलणाऱ्याला ऐकणारे किती ते कळणार नाही आणि पत्त्याचा मालक कोण हेही ठरलेलं नाही. हे थेट गावजेवण आहे. यजमानाला पानं किती ते ठाऊक नाही, कोणीही येऊन कोणाच्याही पानात काहीही वाढावं, आणि आचाऱ्याचे पैसे कोण देणार हे विचारणं म्हणजे असभ्यपणा. विद्यापीठांच्या चार भिंतींत अशी पंगत उठू शकते. जिथं प्रत्येक तारेचा मालक वेगळा आणि प्रत्येकाला नफा हवा, तिथं ती पहिल्याच वाढीला मोडते.

या मोकळेपणाची गंमत १९९४ मध्येच दिसली होती. त्या वेळी एमबोन नावाचं प्रायोगिक जाळं चाले. १९९२ च्या मार्चमध्ये सॅन दिएगोला भरलेल्या, इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठकीचा आवाज मल्टिकास्टनं दूरदूरच्या केंद्रांवर पोचवला होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये डॅलसच्या मैफलीतली रोलिंग स्टोन्सची काही गाणी एमबोनवरून जायची होती. त्यांच्या आधी त्याच एमबोनवर ‘सीव्हिअर टायर डॅमेज’ नावाचा, संगणक कंपन्यांतल्या हौशी तंत्रज्ञांचा बँड आमंत्रणाशिवाय वाजवून गेला. लोक हसले, टाळ्या पडल्या, आजही हा किस्सा कौतुकानं सांगितला जातो. मला मात्र त्यात पुढच्या सगळ्या दुर्दशेचं पत्रक दिसतं. ज्या सेवेत मालकाच्या कार्यक्रमाआधी कोणीही घुसून वाजवू शकतो, ती सेवा पैसे मोजून कोण विकत घेणार?

तांत्रिक बाजूनं जे झालं ते याच चुकीची फळं होती. सुरुवातीच्या डीव्हीएमआरपीची पद्धत अशी, की प्रवाह आधी सगळीकडे सोडायचा आणि ज्याला नको असेल त्यानं मागाहून नको म्हणून कळवायचं. जगभर असं चालणार नाही हे कळल्यावर पिम आलं. त्यात बोलणारे आणि ऐकणारे एका ठरलेल्या राउटरवर भेटतात. मग भांडण लागलं की हा भेटीचा राउटर कोणाच्या आवारात? दुसऱ्याच्या आवारात असेल तर त्याच्या बिघाडाची जबाबदारी माझी का? त्यावर तोडगा म्हणून एमएसडीपी जन्मलं. प्रत्येकानं आपला भेटीचा राउटर ठेवावा आणि नवा बोलणारा उगवला की साऱ्या जगाला दवंडी पिटावी. जानेवारी २००१ मध्ये रामेन नावाचा किडा यंत्रं हुडकत मल्टिकास्टच्या पत्त्यांवरही खडे मारत सुटला. प्रत्येक खड्याबरोबर नवा बोलणारा आला असं समजून दवंड्या सुटल्या आणि राउटर गुदमरले. पंगतीला दार नसलं की असंच होतं.

आता खरा मुद्दा, पैशाचा. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या आपसात किंवा ग्राहकाकडून पैसे घेतात ते साधारण आत येणाऱ्या वाहतुकीच्या मापानं. मल्टिकास्टमध्ये दारातून एक प्रत आत येते आणि घरात तिच्या दहा हजार होतात. पाठवणारा म्हणतो, मी एकाच प्रतीचे पैसे देणार. कंपनी म्हणते, माझ्या तारांवर दहा हजार धावल्या त्याचं काय? दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न राउटिंगनं सुटत नाही. स्प्रिंटच्या प्रयोगशाळेतले क्रिस्तोफ दियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या सगळ्या अडचणी एका लेखात ओळीनं मांडल्या. गटावर नियंत्रण नाही, पत्ते वाटायची सोय नाही, सुरक्षितता नाही, आकारणीचा मेळ नाही. तो लेख या विषयावर लिहिणारा प्रत्येकजण संदर्भ म्हणून देतो. वाचून घेतला असता तर बरं झालं असतं.

त्याहून जास्त संताप येतो तो औषध हातात असताना रोगी मेला याचा. १९९९ मध्ये ह्यू होलब्रुक आणि डेव्हिड चेरिटन यांनी एक्सप्रेस नावाची रचना मांडली. चेरिटन हे स्टॅनफर्डचेच, डीअरिंगबरोबर सुरुवातीचा मसुदा लिहिणारे. एक्सप्रेसमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, प्रत्येक वाहिनीला एकच मालक. बोलणार तो एकटा. दुसरी, प्रती वाटणाऱ्या रस्त्यांच्या झाडाच्या फांद्याफांद्यांतून ऐकणाऱ्यांची मोजदाद वर येणार, म्हणजे मालकाला आणि मधल्या कंपन्यांना आकडा कळणार, बिल करता येणार. पुढं २००६ मध्ये आरएफसी ४६०७ आली, एका उगमाच्या मल्टिकास्टची. त्यात पहिली गोष्ट घेतली. दुसरी, मोजदादीची, बाहेर राहिली. अभियंत्याला झाडं आवडतात, खतावणी आवडत नाही, दुसरं कारण मला सुचत नाही. आणि कुणीही-बोलावं ही जुनी पद्धत निदान वेगवेगळ्या मालकांच्या जाळ्यांदरम्यान बंद करा, एवढं सांगणारी आरएफसी ८८१५ यायला २०२० उजाडलं. एकतीस वर्षं!

दरम्यान बाजार थांबला नाही. १९९८ मध्ये अकामाई उभी राहिली आणि तिच्यामागून सीडीएनची रांग लागली. ठिकठिकाणी सर्व्हर ठेवायचे, तिथून युनिकास्टच्या प्रती द्यायच्या. सौंदर्यदृष्ट्या हे मल्टिकास्टपुढं गबाळं आहे. पण त्यात महिन्याच्या एक तारखेला बीजक निघतं. किती प्रती गेल्या, कुठं गेल्या, दर काय, एकूण किती, सगळं लिहिलेलं. गबाळं तंत्र आणि चोख हिशेब यांनी सुंदर तंत्र आणि गायब हिशेबाला चारी मुंड्या चीत केलं, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

मल्टिकास्ट मुळातच चालत नाही असं म्हणणाऱ्यांना मी वांद्रे-कुर्ला संकुलात घेऊन जातो. एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, सर्व्हरशेजारी दलालांनी आपले सर्व्हर भाड्याच्या जागेत ठेवले, त्यांना बाजारातला प्रत्येक भाव-बदल क्षणाक्षणाला पाठवला जाई. तो जाई टीसीपीवरून, म्हणजे युनिकास्टनं. सर्व्हर एका ग्राहकाला पॅकेट देई, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, ज्या क्रमानं ते सकाळी जोडले गेले त्या क्रमानं. जो आधी जोडला त्याला भाव आधी. माणसाला न जाणवणारा फरक, पण तिथं सौदे माणसं करत नाहीत, यंत्रं करतात, आणि यंत्राला तेवढं पुरतं. पहिला नंबर लावायची चढाओढ सुरू झाली. प्रकरण बाहेर आलं, सेबीनं एप्रिल २०१९ मध्ये एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणानं ती वसुली रद्द केली आणि दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी भरायला सांगितले. कायद्याचं कायद्यापाशी. अभियंता म्हणून मला यात एवढंच दिसतं की रांगेत एकेकाला प्रत देणारी रचना निवडली की पहिला आणि शेवटचा हा भेद रचनेतच येतो, त्यासाठी कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. २०१४ पासून एनएसईनं हा भाव-प्रवाह मल्टिकास्टवर आणला. एक पॅकेट निघतं, स्विच त्याच्या प्रती करतो, रांग संपते.

तिथं मल्टिकास्ट का चाललं? पाठवणारा एकच आणि ओळखीचा. घेणारे नोंदलेले, शुल्क भरलेले, मोजलेले. हरवलेलं पॅकेट परत मागायला वेगळी सोय. तारेचा मालक कोण यावर वाद नाही. मोठ्या फोन कंपन्या स्वतःच्या जाळ्यातून टीव्ही वाहिन्या देतात तिथंही हेच. म्हणजे जिथं करार होता तिथं हे तंत्र चाललं आणि जिथं नव्हता तिथं मेलं. राउटर दोन्हीकडे सारखेच होते.

एवढा इतिहास समोर असताना नव्या रचनाकारांनी काय केलं? २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं भावी इंटरनेटसाठी चार प्रकल्पांना पैसे दिले. त्यातला सर्वांत गाजलेला एनडीएन, व्हॅन जेकबसन यांच्या कल्पनेवर उभा. यंत्राचा पत्ता सोडा, मजकुराचं नाव मागा. एकाच नावाची मागणी दहा जणांकडून आली तर राउटर एकच पुढं पाठवतो, उत्तर आलं की दहांनाही देतो. झालं मल्टिकास्ट, आपोआप! पण थेट सामना त्यावर चालवून बघा. एनडीएनच्या पॅकेटमध्ये आठेक किलोबाइट मावतात. दोन मेगाबिटच्या चित्राला प्रत्येक प्रेक्षकाकडून सेकंदाला तीसेक मागण्या सुटणार, आणि जवळचा राउटर प्रत्येक मागणी टिपून ठेवणार. जुन्या मल्टिकास्टमध्ये राउटरला गटागणिक एक नोंद ठेवावी लागे म्हणून आपण रडलो, इथं पॅकेटागणिक ठेवा. शिवाय मागणीत मागणाऱ्याचा पत्ता नाही, खासगीपणाच्या दृष्टीनं छान, पण उगमाला दिसणार एकच मागणी. दहा जणांनी बघितलं की दहा कोटींनी, त्याला पत्ता नाही. डीअरिंगचीच पंगत, फक्त पत्रावळींवर नावं छापलेली.

लिप्सिन नावाची रचना करणाऱ्यांनी २००९ मध्ये सगळा रस्ताच पॅकेटच्या डोक्यावर ब्लूम फिल्टर नावाच्या बिटांच्या छोट्या पट्टीत कोंबला. राउटरला काही लक्षात ठेवायला नको, हुशारी खरीच. पण या फिल्टरचा स्वभावच असा की अधूनमधून ज्यानं मागितलं नाही त्याच्याही तारेवर प्रत जाते. ती वाहून नेणाऱ्यानं भाडं कोणाकडे मागायचं, यावर चर्चा नाही. बीअर, आरएफसी ८२७९, नोव्हेंबर २०१७, मला यातलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं. प्रत्येक कडेच्या राउटरला एक बिट, पॅकेटवर बिटांची पट्टी, मधले राउटर गटांबद्दल अनभिज्ञ. मधल्या जाळ्यावरचं स्मरणाचं ओझं खरोखर उतरलं. पण ते एका मालकाच्या कुंपणातलं उत्तर आहे. कुंपणाबाहेर गेलं की पुन्हा तोच प्रश्न, पावती कोणाची?

आणि कागदावर दिसत नाही असा शेवटचा दहा फुटांचा प्रश्न वेगळाच. पुण्यात एका ओळखीच्यांकडे स्थानिक केबलवाल्यानं फायबरवरून टीव्ही दिला. चित्र चौकोन चौकोन होऊन फुटे. केबलवाल्याचा मुलगा येऊन मीटर लावून म्हणाला, “काका, लाइन एकदम ओके आहे, तुमचा टीव्हीच बघा.” लाइन ओकेच होती. मी लॅपटॉप लावून पॅकेटं बघितली. वाहिनी होती आठ मेगाबिटची, राउटरपर्यंत मल्टिकास्टनं व्यवस्थित येत होती. पुढं वायफाय. आणि वायफायवर मल्टिकास्टचं पॅकेट सहसा सर्वांत कमी वेगानं जातं, म्हणजे सगळ्यात लांबच्या उपकरणालाही ऐकू जावं म्हणून. इथं तो वेग सहा मेगाबिट होता. पोच मिळत नाही, हरवलं तर परत पाठवलं जात नाही. सहाच्या नळातून आठ कसे जाणार? राउटरमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करायचा पर्याय सापडला, तो चालू केला, चित्र सुधारलं. आरएफसी ९११९ मध्ये, २०२१ साली, हे वायरलेसचं दुखणं नीट लिहिलेलं आहे. पण नव्या रचनांच्या चौकोन-बाणांत घरातला वायफाय कुठं असतो? बहुतेक लोक इंटरनेट तिथूनच वापरतात, ही क्षुल्लक बाब असावी.

मला दिली जाणारी उत्तरं पाठ झाली आहेत. आता सगळे आपापल्या वेळी बघतात, मल्टिकास्टची गरजच काय? मग ५.९ कोटी लोक एकाच क्षणी काय करत होते? जाळं बांधावं लागतं ते अशा शिखराच्या मापानं, सरासरीच्या नव्हे. जाहिराती प्रत्येकाला वेगळ्या दाखवायच्या असतात? दाखवा, जाहिरातीची प्रत युनिकास्टनं द्या, चेंडूची एकच पाठवा. तारा स्वस्त झाल्यात? मोठ्यांसाठी झाल्यात. सीडीएन आपले सर्व्हर आधी मोठ्या कंपन्यांच्या आवारात ठेवते. तालुक्याच्या गावात केबलवरून इंटरनेटकडे वळलेला लहान सेवादार वरून विकत घेतलेल्या क्षमतेवर जगतो आणि सामन्याच्या रात्री तीच कोंडते. शिव्या त्याला पडतात. एकच प्रत आत येण्याचा फायदा सर्वांत जास्त त्याला आहे, आणि या चर्चेत त्याला खुर्ची नाही.

तेव्हा सुधारणा करायचीच असेल तर उलट्या टोकानं सुरू करा. आधी वाहिनीचा मालक ठरवा. त्याची सही असल्याशिवाय एकही पॅकेट पुढं जाऊ नये. ऐकणाऱ्यांची मोजदाद सेवेचा भाग करा. व्यक्तीचं नाव नको, फांदीगणिक बेरीज पुरे, ती कडेच्या कंपनीनं सही करून वर द्यावी. प्रत जिथं वाढते तिथल्या कंपनीला त्या वाढीचे पैसे कसे मिळतील याचं कोष्टक मसुद्यातच असू द्या. मधलं जाळं बीअरसारखं विसराळू ठेवा. हरवलेली पॅकेटं युनिकास्टनं भरून काढा, आणि वाटेत कोणी मल्टिकास्ट चालवत नसेल तर सेवा गुपचूप युनिकास्टवर यावी, ॲप लिहिणाऱ्याला त्याची गंधवार्ताही लागू नये. ब्रिटनच्या बीटी या दूरसंचार कंपनीनं २०२३ मध्ये मॉड या नावानं हाच डाव मांडला. बघण्याच्या ॲपला वाटतं आपण युनिकास्टच घेतोय, खालून प्रवाह मल्टिकास्टनं येतो. एका कंपनीच्या आवारातलं आहे, पण सुरुवात योग्य टोकानं आहे. आणि घरातलं वायफाय रचनेच्या आकृतीत आणा, परिशिष्टात नको.

यातली एकही गोष्ट नवी नाही. मोजदाद १९९९ ची आहे, अडचणींची यादी २००० ची. डेव्हिड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्येच बजावलं होतं की इंटरनेटमध्ये परस्परविरोधी हितांची ओढाताण चालणार आणि रचनाकारानं ती गृहीत धरूनच काम करावं. ती ओढाताण बाजूला ठेवून काढलेली रचना म्हणजे ग्रंथालयातली आणखी एक फाइल.

पुढच्या परिषदेत कोणी आपल्या नव्या रचनेत मल्टिकास्ट फुकट मिळतं असं सांगायला उभा राहिला, तर श्रोत्यांतल्या तरुण अभियंत्यांनो, झाडाच्या खोलीबद्दल विचारू नका. दहा हजाराव्या प्रतीचे पैसे कोण कोणाला देणार, एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर टाळ्या वाजवू नका.